बुद्ध हसला म्हणे!

त्या माणसाचा मला राग येतो, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. पण आधी मुलीचं सांगतो, कारण नुकसान तिचं झालं.

मुलगी तेरा वर्षांची. शाळेत इतिहासाचं प्रेझेंटेशन होतं, आणि तिने विषय घेतला होता जपानवर अणुबॉम्ब पडल्यानंतर फौजेच्या फोटोग्राफरांनी काढलेले फोटो. आर्काइव्हमधून तिने बारा फोटो निवडले, प्रिंट काढले आणि इथे परदेशात, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलभर पसरले. माझं ऑफिसातलं काम इमेज तपासायचंच, म्हणून मीही मांडी घालून बसलो. प्रत्येक फोटोखाली फौजी टीप होती. स्फोटाच्या जागेपासून अंतर किती, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, भिंत विटांची की काँक्रीटची. एका फोटोत जळून गेलेलं देऊळ होतं आणि ढिगाऱ्यात दगडाचा बुद्ध बसला होता, एक खांदा उडालेला. टिपेत पायऱ्यांची रुंदीसुद्धा दिली होती. बुद्धाबद्दल अक्षर नाही.

"पप्पा, एवढा मोठा आहे, त्यांना दिसला नाही?"

"दिसला असेल गं. मोजायच्या यादीत नसेल."

तिने पेन्सिल घेतली आणि टिपेखाली आपली एक ओळ लिहिली: इथे रोज कुणीतरी फुलं ठेवत असेल. तिची आई आमच्या घरातल्या मूर्तीपुढे रोज सकाळी फूल ठेवते, त्यावरून सुचलं असणार. मला इतका अभिमान वाटला की ती ओळ मी बायकोला दोनदा वाचून दाखवली.

पण पोरीला त्याच फोटोची धास्ती होती. वर्गात तिच्या शेजारी बसते त्या मुलीच्या पणजोबांना, हे बेट जपान्यांच्या ताब्यात होतं तेव्हा, जपानी सैनिक घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. ती इथल्या पोरांच्या बोलीत आधीच म्हणाली होती, "बॉम्ब पडला म्हणून सुटलो लाह." ते काही खोटं नाही. त्या घरात ते दुःख अजून जेवायला बसतं. मग तिच्यासमोर हा फोटो दाखवून ही ओळ वाचायची कशी? "काढून टाकू का हा एक?" मुलीने विचारलं. मी म्हणालो, "अजिबात नाही. तिचे पणजोबाही खरे आणि हा फोटोही खरा. दोन्ही सांगायचं. कुणी वाकडं बोललं तर मान खाली घालायची नाही." काय तो माझा रुबाब! ती तयार झाली. मंगळवारी प्रेझेंटेशन होतं.

मध्ये रविवार आला आणि साहेबांकडचं जेवण आलं. साहेब म्हणजे माझे मॅनेजर, मूळ पुण्याचे, मरीन परेडच्या श्रीमंती कोंडोत राहतात. माझा इथे नोकरी करायचा पास संपत आला होता आणि कंपनीने तो पुढे पाठवायचा की नाही हे त्यांच्या शब्दावर होतं. हात दगडाखाली असला की माणूस बोलावलं तिथे जातो. गेलो तिघंही, मेट्रोच्या दोन गाड्या बदलून. मुलीने फोल्डर बरोबर घेतलं होतं, गाडीत सराव करायला.

जेवणं झाल्यावर वहिनींनी कौतुकाने विचारलं, "काय गं आणलंयस?" झालं. साहेबांनी फोल्डर ओढलं आणि डायनिंग टेबलवर पत्ते पसरावेत तसे फोटो मांडले. मसालेभाताची बोटं धड पुसलीही नव्हती. लढाई या विषयावर ते बोलायला लागले की समोरच्याने फक्त मान डोलवायची असते. हा पूल बघ, ही कारखान्याची चिमणी बघ, कशी उभी राहिली. मेलेल्यांच्या गावावरून यांचं बोट फिरत होतं, आणि चेहऱ्यावर मॅच बघतानाचा आनंद.

मग तो फोटो आला.

"अरे वा! बुद्ध हसला!" साहेबांनी टाळी वाजवली. माझ्या मुलीला काही कळेना, तेव्हा त्यांनी शहाणपण पाजळलं. आपल्या देशाने वाळवंटात पहिली अणुचाचणी केली, तेव्हा तिला नाव बुद्धाचं दिलं होतं, आणि यशस्वी झाली हे सांगायला म्हणे एवढंच म्हणायचं, बुद्ध हसला. "कळलं का बेटा? जगाला दाखवून दिलं आपण!"

मुलगी म्हणाली, "पण अंकल, बॉम्बला बुद्धाचं नाव का?"

साधा प्रश्न. माझ्या बापाने तो आयुष्यभर विचारला, आमच्या वस्तीत प्रत्येकाने विचारला. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं, डोळा मिचकावला आणि म्हणाले, "तुझाच माणूस ना रे हा? सांग की तिला, का हसला ते!"

तुझाच माणूस. आडनाव कळल्यापासून तीन वर्षं हा गृहस्थ जे बोलायचं टाळत होता, ते श्रीखंडाच्या वाटीबरोबर सहज पुढे सरकवलं. अंगाची लाही लाही झाली. सगळं ओठावर आलं होतं. शांत शब्दांतसुद्धा सांगता आलं असतं: सर, ती तुम्हाला विचारतेय. एवढं पुरलं असतं.

मी हसलो.

बारीक, कसनुसं नव्हे. चांगले दात काढून, खी खी करून हसलो. "काय सर तुम्हीपण!" असंही म्हणालो. च्यायला, माझ्याच तोंडातून. बायकोने नजर वाटीवरून उचलली नाही. मुलीने मात्र माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग एकेक फोटो गोळा करून फोल्डरमध्ये ठेवायला लागली. एका फोटोवर तेलाचा डाग पडला होता, तो तिने फ्रॉकला पुसला.

परतताना गाडीत बायको एवढंच म्हणाली, "मिळेल आता पास." मी मुलीला समजवायला गेलो की मोठ्यांच्या जगात असं कधीकधी करावं लागतं, त्याचा काही अर्थ नसतो. "ओके लाह," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. बाहेर बोगद्याच्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

पास पुढे मिळाला. त्या साहेबाला मी अजूनही रोज गुड मॉर्निंग म्हणतो.

मंगळवारी ती शाळेतून आली. प्रेझेंटेशन छान झालं, बाईंनी शाबासकी दिली म्हणाली. मी विचारलं, "आणि बुद्धाचा फोटो? तुझी ती ओळ वाचलीस?"

"नाही. काढला तो."

"अगं, का? ती मुलगी काही बोलली?"

"ती काहीच नाही बोलली." ती बुटांचे बंद सोडत होती. घरात ती इंग्रजीत उत्तरं देते, पण त्या दिवशी मला नीट कळावं म्हणून की काय, सावकाश मराठीत बोलली.

"वर्गात कुणी हसलं असतं, तर मलापण हसावं लागलं असतं ना, पप्पा."