मुंग्यांनी गिरवलेली नक्षी

साताऱ्याच्या ड्रॉइंग मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. परीक्षेत मी खिळा आणि दोरा लावून कमळ काढलं, म्हणून त्यांनी मला नापास केलं. "हातानं काढतात त्याला चित्र म्हणतात. ही सुतारकी झाली," असं भर वर्गात म्हणाले. शाळा त्याच दिवशी सोडली. पण यंत्रानं काढलेलं चित्रसुद्धा चित्रच असतं, हे याच माणसाकडून कबूल करून घ्यायचं, असं मनाशी ठरवलं.

यंत्र तेव्हा नव्हतंच. ते सुचलं आमच्या गुऱ्हाळावर. बैल चरकाभोवती फिरत होते. त्यांना जुंपलेल्या आडव्या लाकडाला मी रसाचा डबा टांगला होता, तो निघाला गळका. बैल चालतील तसा डबा आतबाहेर झोके घेई आणि थेंब पडत. दोन फेऱ्या झाल्यावर चुलत्यांनी पाहिलं आणि मला शिव्या बसल्या. तासाभरानं बघतो तर थेंबांवर मुंग्या ओळीनं बसलेल्या, आणि चरकाभोवती एकमेकींत गुंतलेल्या काळ्याभोर पाकळ्या! मी कागद आणून तिथंच मांडी ठोकली. बैल सोडायला आलेला गडी म्हणाला, "मुंग्या मोजतूयास व्हय रं?"

गोल फिरायचं आणि फिरता फिरता झोके घ्यायचे, एवढंच त्यातलं मर्म. फिरण्यासाठी एका पेन्शनर सुभेदाराचा मुका झालेला ग्रामोफोन हेरला. त्यानं भाव सांगितला. मी चपला घालून जिना उतरू लागलो, मुद्दाम सावकाश. तिसऱ्या पायरीवर हाक आली, "आवं, तुमीच काय ते बोला की!" तबकडीवर कागद, बंद घड्याळाच्या चाकांना जोडलेला पेनाचा दांडा आणि फिरवायला हँडल. चाक बदललं की पाकळ्यांची संख्या बदलायची. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तरी पुष्कळ नासला.

पुढं सांगलीच्या एका हळदवाल्या शेठजींना पोत्यांच्या लेबलासाठी नक्कल होणार नाही अशी नक्षी हवी होती. हातानं हुबेहूब नक्कल होते का ते पाहायला त्यांनी माझी नक्षी दिली कुणाकडे, तर पेन्शन घेऊन सांगलीत राहायला आलेल्या त्याच मास्तरांकडे! मी भडकलो.

"दुसरा कुणी मिळाला न्हाई?"

"तुमी एवढं चिडलात, म्हंजे माणूस पक्का हाय," शेठजी म्हणाले.

आठ दिवसांनी माझा आणि मास्तरांनी नक्कल केलेला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मास्तरांची एक पाकळी ढळली नव्हती. पण शेठजींनी लगेच त्यांचा कागद उचलला. "ही नक्कल." माझ्या यंत्राचं पेन टेकताना शाईचा एक ठिपका पडायचा. मास्तरांनी तो काढलाच नव्हता.

"डाग कोण काढतो?" मास्तर तडकले.

"म्हणूनच तो राहू दे. नक्कल करणारे समदे तुमच्यावानीच टापटिपीचे असतील," शेठजी म्हणाले.

लेबल मंजूर झालं. "लेबल असेल. चित्र नव्हे," म्हणत मास्तरांनी छत्री उचलली.

आठवड्यानं ते माझ्या खोलीवर आले, सहज म्हणून. यंत्राभोवती दोन चकरा मारल्या. "उलटं फिरतं का?" मी म्हटलं, फिरवून बघा. तासभर हँडल सोडलं नाही त्यांनी. कागद पुरा झाल्यावर तो हात लांब करून न्याहाळला, मान तिरपी केली, आणि खिशातलं पेन काढून खालच्या कोपऱ्यात झोकदार सही ठोकली. चित्र पुरं झालं की सही, ही जन्मभराची सवय! मग माझ्याकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"दे तो कागद इकडे."

"आता न्हाई देत, मास्तर."

बदल्यात त्यांनी स्वतःचं एक निसर्गचित्र देऊ केलं. मग दोन. हातचा सौदा मी कधी सोडत नाही, पण हा सोडला. त्यांना हात धरून पायरीपर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं, तरी बाहेरून ते तिसऱ्या चित्रातल्या कृष्णेच्या घाटाचं वर्णन करतच होते.