शांतवनभाऊ आणि पिंपळनेरची बाके

शांतवनभाऊ गेल्याचे मला जळगावला, पिंप्राळ्यातील घरी, सकाळी दाढी करताना कळले. धुळ्याहून त्यांच्या मुलीचा फोन शेजाऱ्यांकडे आला होता. मी दाढी पुरी केली आणि मगच बसस्थानकाकडे निघालो. त्याला आता सहा आठवडे झाले. ते सुवार्तिक, गावोगावी ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारे; मी निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांचा चिटणीस. परिचय तीस वर्षांचा. त्याला मैत्री म्हणावे की नाही, हे आम्ही कधी ठरवले नाही.

पिंपळनेरजवळच्या एका वस्तीत नवी मंडळी उभी करणे हे त्यांचे अखेरच्या वर्षांतील एकमेव काम होते. तेथील कुटुंबे दर रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जमत. परंतु मंडळीला रीतसर मान्यता मिळेपर्यंत तेथे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरसाचा प्याला, देता येत नव्हते. त्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसने धुळ्याला यावे लागे. या लोकांना त्यांच्याच वस्तीत प्रभुभोजन मिळालेले डोळ्यांनी पाहावे, एवढीच भाऊंची इच्छा होती. पाहणी करून शिफारस लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या पाहणीत मला शेडमध्ये केवळ सतरंज्या दिसल्या. उपासनेला शोभेल अशी बैठक हवी, बाके हवीत, असे मी सांगितले.

"गुरुजी, बाकं नकोत. इथं अडचण होईल."

"अडचण कसली?"

"लोक भरल्यावर या एकदा, म्हणजे दिसेल."

मला ती चालढकल वाटली. साक्रीच्या सुताराकडून मी सहा बाके करवून पाठवली आणि त्या रविवारी स्वतः हजर राहिलो. बाकांनी शेड भरून गेली होती. जमिनीवर बसायला जागा उरली नव्हती. पुरुष बाकांवर बसले. बायका मात्र डोक्यावर पदर घेऊन दाराबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. बाकांवर जागा आहे, आत या, असे मी दोनदा म्हणालो. कोणी हलेना. अखेर एक सून पदराआडून म्हणाली, "मना सासरा वर बसेल शे. त्यासना बरोबरीले मी कशी बसू?" मागून दुसरी म्हणाली, "वर बसाडा गुरुजीसले, त्यासले आठे कोठे सासरा शे!" बायका हसल्या. सासऱ्यासमोर सुनेने उंच आसनावर बसायचे नाही, ही रीत. खेड्यात जन्मूनही मी ती विसरलो होतो. भाऊ हसले नाहीत. सुजलेल्या गुडघ्यावर हात रेटून ते उठले आणि म्हणाले, "बाकं बाहेर घ्या रे." सतरंज्या अंथरल्या गेल्या, बायका आत आल्या, उपासना सुरू झाली. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो विषय काढला नाही.

जळगावला येऊन मी अहवाल लिहिला : 'बैठकीची व्यवस्था समाधानकारक नाही. शिफारस पुढील पाहणीपर्यंत स्थगित.' चूक माझी आहे, हे लिहितानाच मला समजत होते... तरी कागद पाठवला. पुढील पाहणी मी वर्षभर केली नाही. भाऊ त्या गुडघ्यानिशी दर रविवारी जात राहिले.

आमची अखेरची भेट धुळ्याला, त्यांच्या घरी झाली. ते अंथरुणावर होते.

"गुरुजी, पाहणीला कधी येता?"

"पावसाळा सरला की."

"या..." मग म्हणाले, "तुमची बाकं झाकून ठेवलीत. भिजू दिली नाहीत."

मी चहा घेऊन निघालो. पावसाळा सरण्याआधी ते गेले.

दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी मी शिफारस लिहिली. पाहणी न करता. मान्यता महिन्याच्या आत आली. म्हणजे ती वर्षापूर्वीही आली असती.

गेल्या रविवारी तेथे पहिले प्रभुभोजन झाले. मी गेलो होतो. माझ्यासाठी कोणीतरी बाक आणायला निघाले. मी नको म्हणालो. तेव्हा त्याच सुनेने भिंतीशी ठेवलेली एक जुनी गोधडी आणून अंथरली. "ही भाऊनी गोधडी शे. बसा गुरुजी." मी खाली बसलो. भाकर व प्याला माझ्यापर्यंत आला, पुढे गेला. उठताना दोघांचा आधार घ्यावा लागला. तिने गोधडी उचलून झटकली, तेव्हा पाहिले... एका जागी वरचे कापड पार विरून आतला थर दिसत होता. तेथे भाऊ प्रार्थनेला गुडघा टेकत.