पेस्टिंगला बायकाच

सुनीता द्राक्षाच्या मांडवाखाली कोसळली. चेहरा, मान मिरचीसारखी लाल झाली होती. श्वास घेता येईना.

"मावशी, जीव चाललाय... माझी पोर..."

तिची मुलगी अजून अंगावर पीत होती.

मी छाटणीच्या टोळीची मुकादम. मांडवगण फराट्याच्या बाजूला माझ्या सासऱ्यांच्या काळी मोटेच्या पाण्यावर पेरू-लिंबं होत. झाड आपल्या वेळेनं फुटायचं, माणूस वाट बघायचा. ठिबक आलं, द्राक्षं आली, वाट बघणं संपलं. आता छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना औषध लावतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. त्याला पेस्टिंग म्हणतात. औषध विषारी. ते हाताळून दारू प्याली तर माणूस मरायला टेकतो. म्हणून आमचे मालक या कामाला गडी घेत नाहीत.

"बायकाच बऱ्या. पीत न्हाईत," म्हणायचे.

सुनीताला पिकअपमध्ये घातलं. पुढं उसाची ट्रॉली, बाजूला होईना. मालक हॉर्नवरचा हात काढेनात.

"मावशी, ॲटॅक असंल का हो?"

"तुम्ही गाडी हाणा."

तिचे हात गार पडले होते. मी हाका मारत होते, ती ओ देत नव्हती.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पेस्टिंगचं ऐकलं आणि पहिलंच विचारलं, "दारू घेतली का हिनं?"

मी भडकले. "आमच्यात बायका पीत न्हाईत!"

"मावशी, मी चालचलणूक विचारत नाही. पोटात काय गेलं ते सांगा."

"भाकरी, पिठलं. आन् जेवल्यावर बाळंतिणीचं आसव, दोन झाकणं. रोजच घेती."

बाई थबकल्या. "आसव आंबवलेलं असतं. त्यात दारूचा अंश असतोच. बाहेर थांबा, हिचं बीपी लागत नाहीये."

मी तिथूनच बागेत टोळीतल्या बायकांना फोन लावला. "सुनीताच्या आसवाच्या बाटलीतलं आणखी कुणी घेतलं का?"

"न्हाई. पारू घेनार हुती, कंबर धरलीया म्हनून."

"बाटली वता मातीत. आत्ताच्या आत्ता."

मालक बाकावर डोकं धरून बसले होते. आतून सलाईन मागवत होते, ऑक्सिजन मागवत होते. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे.

आता कामावर घेताना मी प्रत्येकीला विचारते, खोकल्याचं, कमरेचं, कुठलं औषध चालू आहे? पोरी हसतात. हसू देत. विषाला बाई-गडी कळत नाही.

सुनीता वाचली. आई दवाखान्यात होती तेवढ्या दिवसांत तिची मुलगी वाटीनं दूध प्यायला शिकली, तीही जगली.