वीज पडलेला डोंगा

जागेश्वरच्या डोंग्याला पाल होता, शिडाच्या होडीसारखा, आणि अख्ख्या तळ्यावर तसला दुसरा डोंगा नव्हता. तरुणपणी तो कोकणात मासेमारीच्या होड्यांवर राबायला गेला होता. तिथून परतताना गाठीला फारसं काही नव्हतं, शीड बांधायची विद्या तेवढी आली. सागाच्या फळ्यांचा डोंगा त्यानं स्वतः बांधला, त्यात काठी उभी करून पाल चढवला, तेव्हा गाव पोट धरून हसलं. "तळ्यातल्या डोंग्याले पाल कायले लागते बे?" पुढे हेच हसणारे आपले पाहुणे घेऊन डोंग्यात बसायला यायला लागले. लोकांना बसवायचं तर विमा काढा, असं वरून सांगणं आलं. त्यानं तोही काढला.

फाल्गुनातल्या एका दुपारी अवकाळी वादळ उठलं आणि काठाला बांधलेल्या डोंग्यावर वीज पडली. काठी वरपासून खालपर्यंत उभी चिरली, पाल जळाला, बुडाची एक फळी काळी पडून फुटली. आत कोणी नव्हतं, हेच नशीब. जागेश्वर आणि त्याची बायको दुर्गा धावत काठावर आले. मग त्यानं विमा कंपनीला फोन लावला, आणि त्याच्या बापानं जे केलं असतं तेच केलं. डोंगा उथळ पाण्यात नेला, आत दगड भरले आणि बुडवून ठेवला. कामात नसलेला डोंगा इथं असाच ठेवतात. लाकूड पाण्याखाली शाबूत राहतं; उन्हात पडलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग त्याचं सरपणच होतं. फक्त विम्याचा माणूस येऊन बघेपर्यंत थांबायला हवं होतं, हे काही बापानं शिकवलं नव्हतं.

सर्व्हेअर चंद्रकुमार गोंदियाहून आले. माणूस वाईट नव्हता. पण पाण्याखालचा डोंगा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बिजली गिरी बोलते हो, और नाव तो डूबी पडी है. किसने डुबाई?"

"मीच बुडवला जी," जागेश्वर म्हणाला. "वाळू नये म्हनून."

"अरे भाऊ, अब मैं क्या लिखूँ? मालिक ने खुद डुबाई?" साहेबांनी डोकं खाजवलं. "बाहर निकालो. दुबारा देखना पडेगा. तब तक जैसी है वैसी रखो. कील मत ठोको, पानी भी मत डालो."

डोंगा काठावर आला. सावलीला झाड नव्हतं, वर टाकलेली भाताची तणस वाऱ्यानं उडून जायची. जागेश्वर फोन करायचा, दर वेळी नवाच आवाज सांगायचा, "प्रोसेस में है." चैत्र गेला. रोज सकाळी तो डोंग्यापाशी जाऊन बसे. आधी सांध्यात नख जात होतं, मग बोट जायला लागलं. चिरलेल्या काठीचं त्याला आता काही वाटत नव्हतं. विजेनं एकच फळी नेली होती, बाकीच्या वाट बघण्यात चालल्या होत्या. दाव्याचे पैसे मिळाले तर नवी काठी, नवा पाल मिळणार होता, आणि तोवर ज्यावर ते चढवायचे तो डोंगाच राहतो की नाही, हीच भीती. माणूस शिणून गेला. घरी भिंतीला टेकून बसला की जेवायला दोनदा हाक मारावी लागे.

एकदा दुर्गा घागर घेऊन निघाली.

"नोको व," तो म्हणाला. "पानी टाकू नोको म्हनले सायब."

"सायबाचा डोंगा हाय का?" दुर्गा कडाडली. पण घागर तिनं खाली ठेवली.

वैशाखात साहेब पुन्हा आले. काठीचे फोटो काढले, जळक्या फळीचे काढले. मग त्यांचं लक्ष उघड्या सांध्यांकडे गेलं.

"ये दरारें बिजली की नहीं हैं."

"उन्हानं पडल्या जी. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

साहेबांनी मोबाईल खिशात घातला. मग म्हणाले, "बिजली का मैं पक्का लिखूँगा. पर फाइल ऊपर जाएगी, शायद एक और साहब देखने आएँगे. थोडे दिन और ऐसी ही रखो."

जागेश्वर उठला. पँट गुडघ्यांवर दुमडली आणि डोंग्याच्या मागच्या टोकाला खांदा लावला. दुर्गा न सांगता दुसऱ्या बाजूला आली.

"अरे, क्लेम जाएगा तुम्हारा!" साहेब ओरडले.

"जाऊ द्या जी."

उतारावरून डोंगा घसरत पाण्यात गेला. सांध्यासांध्यातून पाणी आत शिरलं. दुर्गा काठावरून दगड देत होती, जागेश्वर एकेक आत ठेवत होता. डोंगा हळूहळू खाली बसला.

"आता फुगतीन का फळ्या?" तिनं विचारलं.

"काई फुगतीन," तो म्हणाला. "काई नाई."

कमरेइतक्या पाण्यात तो तसाच उभा राहिला. वीज पडली तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं, ते आता आलं.