शकुबाईची अंजिरी गाडी

तळेगावात कुजबूज होती की शकुबाईचं कोणीतरी आहे.

'कोणीतरी' हा शब्द आमच्याकडे आवाज उतरवून म्हणतात आणि म्हणताना उगाच मागे वळून बघतात. विधवा बाई, पन्नाशी ओलांडलेली, घरात लग्नाची पोरगी, आणि बाजाराच्या दिवशी कासाराच्या दुकानातून नखांचा रंग विकत घेते. कधी लाल, कधी चंदेरी, एकदा तर चक्क काळा. तिची नखं पाहावी तर कोरी, वांग्याच्या देठांनी खरचटलेली, मातीनं भरलेली. मग रंग जातो कुठे? तिची जाऊ मंदाबाई म्हणायची, "पायाले लावत असन. पाय कोन पाह्यते?" आणि अशी हसायची की ऐकणाऱ्याला पायांच्याही पुढचं दिसावं.

दुसरा पुरावा म्हणजे चंद्रभान. हिंगणघाटचा माणूस, जिनिंगमधल्या नोकरीतून निवृत्त, बायको वारलेली. लेक अमरावतीला दिलेली. तिच्याकडे जाताना तो मोठ्या रस्त्यावर आपली जुनी अंजिरी गाडी थांबवायचा आणि शकुबाईकडून भाजी घ्यायचा. बाकीच्या गिऱ्हाइकांना शकुबाई भराभर तोलून वाटेला लावी. चंद्रभान आला की तिचा हात जड व्हायचा. एकेक वांगं निवडायची, परत टाकायची, मधेच उठून पालकावर पाणी मारायची. वर कोथिंबिरीची, म्हणजे आमच्या सांबाराची, जुडी फुकट. आणि सगळा वेळ नजर त्याच्यावर. म्हणजे त्या दिशेला. मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसतो. तिथून नजरेची दिशा कळते, नेमकं ठिकाण कळत नाही. ते आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनानं भरून घेतलं.

चंद्रभाननंही घेतलं. आधी पांढरे खुंट घेऊन येणारा माणूस गुळगुळीत दाढी करून यायला लागला. मग केस काळे झाले. मग गाडीच्या आधी अत्तर पोचू लागलं.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मला ती नंतर कळली, पण तुम्हाला आधी कळलेली बरी. शकुबाई गाड्या बनवायची. पोरांना खेळायला देतात तशा नव्हे. रस्त्यावर जी गाडी दिसली तिचीच हुबेहूब लहान गाडी. ओलिताचा उरलेला प्लास्टिकचा पाइप उभा चिरायचा, चुलीच्या धगीवर मऊ करायचा, पाट्याखाली दाबून सपाट करायचा आणि त्यातून दारं, टप, बोनेट कापायचं. ठिबकच्या नळीचे रबरी वायसर ही चाकं. मिठाईच्या डब्याचं झाकण ही काच. गोळ्यांच्या पाकिटाचे रिकामे फुगे हे दिवे. माप वितीनं, खऱ्या गाडीची एक वीत म्हणजे तिचं अर्धं बोट. आणि रंग नखांचा, कारण तो चकाकतो आणि दुपारच्या दुपारी वाळतो. सगळ्या गाड्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून पलंगाखालच्या लोखंडी पेटीत. तिची लेक वर्षाली सोडली तर कोणाला पत्ता नाही.

यात लपवायचं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही तळेगावात राहत नाही. बाईचं कोणी आहे म्हटलं तर लोक चिडतात, हसतात आणि नवीन काही सापडलं की विसरतात. पण पन्नाशीची बाई दार लावून मोटारी करत बसते म्हटलं, की ती वेडी. आणि वेड आईकडून लेकीत उतरतं अशी सोयरीक जुळवणाऱ्यांची पक्की समजूत. वर्षालीची सोयरीक आर्वीच्या एका घरी नुकतीच ठरली होती. पोरगी खूश होती, मुलगाही बरा. म्हणजे शकुबाई गप्प राहिली तर बदनाम, आणि तोंड उघडलं तर वेडी. दोन्हीकडून लग्न मोडणार ते लेकीचंच.

कुजबूज आर्वीला पोचली. मुलाचे मोठे काका भैयाजी, त्या घरात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही. त्यांचा निरोप आला की पोरीच्या आईशी बोलायचं आहे, एकटाच येतो. सोयरीक जुळवायला माणसं घोळक्यानं येतात. मोडायला एकटी येतात.

त्या दिवशी शकुबाईनं रस्त्यावर भाजी मांडली नाही. सकाळीच अंगण सारवलं. वर्षालीनं भाकर तोडून तशीच ताटात ठेवली. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरात एखादा पुरुष माणूस असावा म्हणून मी गेलो होतो. मंदाबाई कुंपणापलीकडे लसूण सोलत बसली होती. बराच वेळ तीच पाकळी तिच्या हातात होती.

भैयाजी आले, खाटेवर बसले. बोलणं कपाशीपासून सुरू झालं, पावसावर आलं, तिथून अडखळत लोकांच्या तोंडावर आलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इहीनबाई, मी ऐकीव गोष्टीवर जात नाई. म्हनून इचारून राह्यलो. थो हिंगणघाटचा मानूस कोन?"

"गिऱ्हाइक."

"आन् नखाचा रंग?"

 तेवढ्यात दारातून वर्षाली म्हणाली, "माह्यासाठी आनते आई."

पोरगी चांगली, पण खोटं बोलायचा सराव नाही. भैयाजींनी तिच्या हातांकडे पाहिलं. दहाही नखं कोरी. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते हळूच म्हणाले, "काळा रंग बी तूच लावतं का, बाई?"

वर्षालीनं हात पदराआड घेतले. आता संशयाला पुरावाही मिळाला होता. भैयाजींनी टोपी घातली, खाटेवरून उठले. निघताना म्हणाले, "निरोप धाडतो." आमच्याकडे याचा अर्थ एकच, की निरोप यायचा नाही.

"थांबा," शकुबाई म्हणाली आणि आत गेली.

लोखंडी पेटी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला तशी मंदाबाई उठून कुंपणाला टेकली. मीही पुढे सरकलो. पेटीत कोणाचे फोटो असतील, कपडे असतील, काय काय माझ्या डोक्यात येऊन गेलं. शकुबाईनं पेटी अंगणात आणली, खाली बसली आणि एकेक चिंधी सोडायला लागली. एक पांढरी ॲम्ब्युलन्स. एक लाल एसटी. दुधाचा टेम्पो, त्यावर कडबोळ्याएवढा टायर बांधलेला. काळी, टोकदार नाकाची, पुढाऱ्यांकडे असते तशी एक गाडी. सारवलेल्या अंगणात गाड्यांची रांग लागली.

भैयाजींनी टेम्पो उचलला. चाक बोटानं फिरवलं, ते फिरलं.

"हे कोनं केलं?"

"म्या."

"कोनासाठी?"

"कोनासाठी नाई. मले बरं वाटते."

हे तिनं बोलायला नको होतं. शेजारच्या पोरासाठी म्हणाली असती, विकायला म्हणाली असती तरी निभावलं असतं. भैयाजींची नजर आईवरून लेकीकडे गेली, परत आईवर आली. बाजारात गोऱ्हा घेताना माणूस आधी त्याची माय पाहतो, तशी. मला दिसत होतं की एक संशय उतरतो आहे आणि दुसरा चढतो आहे.

पेटीत शेवटची एक चिंधी होती. भैयाजींनी स्वतःच ती सोडली. आतून अंजिरी गाडी निघाली. पुढून अगदी पूर्ण, आरशांसकट. मागून उघडी, नुसतं भोक.

"आन् हे अर्धी काऊन?"

शकुबाईनं तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच ती अंजिरी गाडी दारात येऊन थांबली. खरी, हिंगणघाटची. टपरीवरची कुजबूज चंद्रभानच्याही कानी गेली होती, आणि घर दाखवायला आमच्या गावात माणसं कमी नाहीत. कडक इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, काखेत साडीच्या दुकानाची पिशवी. तो अंगणात आला आणि आम्हा सगळ्यांना पाहून तिथंच थिजला. पण मनाशी ठरवून आलेला माणूस, मागे फिरेना.

"बाई," तो म्हणाला, "लोक कायबाय बोलून राह्यले. मी म्हनलं, आपन लपूनछपून कायले, सरळ येऊन..."

भैयाजींच्या हातातली गाडी हलायची थांबली. वर्षालीनं डोळे मिटले. मंदाबाई कुंपणावर इतकी वाकली की काट्या मोडल्या. संपलं, असं मला वाटलं. आता याच्यापुढे बोलायला काही राहिलं नाही.

शकुबाई उठली. चंद्रभानकडे चालत गेली, आणि त्याच्या शेजारून तशीच पुढे. त्यानं पुढे केलेला पुडा तिच्या कोपराला लागून खाली पडला, तेही तिला कळलं नाही. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, डिक्की उघडा."

"आं?"

"तुमी दरवेळी पिशवी समोरच्या सीटवर ठेवता. डिक्की कधी उघडतच नाई. किती येळ थांबवलं तुमाले, किती वांगे निवडले, तरी नाई."

चंद्रभाननं किल्ली लावली. शकुबाईनं आत हात घातला. वीत, वीत, मग बोटं. ओठ हलत होते. वाकून बिजागरी पाहिली, झाकण दोनदा वर-खाली केलं. चंद्रभान तिच्या बाजूला हातभर अंतरावर उभा होता, अत्तर लावून, केस काळे करून. तिनं त्याला एवढंच म्हटलं, "जरा बाजूले व्हा, सावली पडून राह्यली."

भैयाजी हे सगळं पाहत होते. मग खाटेवर परत बसले. टोपी पुन्हा मांडीवर आली.

"पोरी," त्यांनी वर्षालीला विचारलं, "हे तुले बी येते?"

"नाई."

गाड्यांचे सगळे आरसे तीच बसवते. पण तिला एका दिवसात खोटं बोलायचा सराव झाला होता.

"मंग चहा ठेव," भैयाजी म्हणाले.

वर्षालीचं लग्न झालं. आर्वीला ती सुखात आहे. चंद्रभाननं साडीची पिशवी त्याच दिवशी तिच्या हाती दिली, पोरीसाठीच आणली होती म्हणाला, आणि आम्ही कोणी काही बोललो नाही. अजूनही तो भाजीला थांबतो. केस हळूहळू पांढरे झाले आहेत.

शकुबाईचं कोणी नव्हतं. तिला चंद्रभानच्या गाडीच्या डिक्कीचं माप पाहिजे होतं.