देवीचा बोकड आणि माझी वेणी

जिनं मला जन्म दिला तिला मी मावशी म्हणतो आणि जिला माय म्हणतो ती खरी तर माझी मावशी. अंगावरचं दूध सुटलं तसं धाकटीनं मला मूल नसलेल्या थोरल्या बहिणीच्या ओटीत घातलं. महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. इथवर सगळं सोपं होतं. भानगड केसांची होती.

मावशी जळगाव जामोदकडे दिलेली, देवी मानणारी. मी जगलो तर जावळ आणि एक बोकड देवीला, असा तिचा नवस. साखरखेर्ड्याला आमच्या घरी मात्र महानुभाव पंथ. एका कृष्णापलीकडे कुणापुढे हात जोडायचे नाहीत, आणि जीव मारण्याचं तर घरात बोलायचंही नाही. बाबा म्हणत, "न्हाव्याले बोलावू, केस काढू, झालं." मावशी रडे, "देवीच्या आधी कात्री लावली अन् पोराले काही झालं तं?" माय बहिणीचे डोळे पुसायची आणि बाबांची समजूत घालायची.

परिणाम असा, की शाळेत घातलं तेव्हा माझी वेणी कमरेला टेकत होती. गुरुजींनी काही न विचारता मला मुलींच्या रांगेत बसवलं. मुली फुगडीला बोलवत आणि, आता सांगायला हरकत नाही, मी जात असे. पण पोरं वेणी ओढत तेव्हा मला दोन्हीकडच्या देवांचा सारखाच राग येई. मला फक्त केस कापून हवे होते.

मावशीला मात्र ते कापलेले मनातून नकोच होते. दर चैत्रात ती नवसाचं बोलायला म्हणून येई, बाबांचा नकार ऐकून घेई आणि दिवसभर माझे केस विंचरत बसे.

एका चैत्रात तिच्यासोबत तिचा नवरा, माझा मावसा, बोकड घेऊनच आला. "साडभाऊ," तो बाबांना म्हणाला, "बोकड वाढून राह्यला, पोरगं वाढून राह्यलं. आता काय ते ठरवा."

बाबांनी बोकडाला पाणी पाजलं, पेंड घातली आणि म्हणाले, "मारायचा नाही. राहू द्या इथंच." मावसा रश्श्याच्या आशेनं आला होता. मायनं त्याला वरणभात वाढला.

दुपारी सगळे भांडून दमले आणि आडवे झाले. मी ओसरीत खाटेवर झोपलो होतो, वेणी खाली लोंबत होती. सकाळीच मावशीनं ती ताक-बेसन लावून धुतली होती. बोकडाला तो वास आवडला असावा. मी बोंबलत उठलो तेव्हा अर्धी वेणी त्याच्या तोंडात होती. मावसा बोकडाला ओढतोय, माय मला ओढतेय, शेवटी बाबांनी विळ्यानं वेणी कापून मला सोडवलं. उरलेलीही बोकडानं सगळ्यांदेखत गिळली.

"देवीनं जावळ घेतलं!" मावशीनं हात जोडले.

"बोकडानं घेतलं," बाबा म्हणाले.

"मंग आता कापू याले," मावसा म्हणाला.

"देवीचं जावळ पोटात असलेला बोकड कापता?" मावशी त्याच्या अंगावर धावून गेली. देवीचं म्हणणं बाबांना पटलं, ते आयुष्यात तेवढं एकदाच.

मी आनंदानं अंगणभर नाचत होतो. मावशी मात्र कोपऱ्यात फणी धरून बसली होती. "झालं नं माय," ती बहिणीला म्हणाली, "आता कोन्या निमित्तानं येऊ?"

बाबांनी तिच्याकडे न बघता दावं आवळलं. "बोकड तुह्या देवीचा हाय. आम्ही सांभाळू. पन त्याले पाहाले तुलेच या लागंल."

ती येत राहिली. क्षणभर बोकडाकडे पाही, उरलेला दिवस माझ्याकडे.

पुढं बोकड म्हातारा होऊन मेला. देवीचं नावही न घेणाऱ्या बाबांनी चैत्राच्या आधी बाजारातून दुसरा आणून त्याच खुंट्याला बांधला. पहिला पांढरा होता, हा काळाभोर. मावशीनं त्याला चांगलं निरखून पाहिलं.

"उन्हानं काळा पडला वाटते," ती म्हणाली, आणि मला जवळ ओढून माझ्या तासलेल्या डोक्यावर फणी फिरवायला लागली.