सगळं वाचनालय एकाच पत्त्यावर

डिचोलीजवळच्या आमच्या वाचनालयात मी एका जुन्या संगणकावर लिनक्सचा फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा राखणदार, मोठ्या ऐटीत बसवला आणि पहिल्याच दुपारी ग्रंथपाल बाईंच्या संसारात आडवा आलो. त्यांचा नवरा तारवार, बोटीवर नोकरीला. दोन महिन्यांच्या बाळाचे फोटो त्याने पाहिले होते; हलतं बाळ तो आज व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बघणार होता. बोटीवर त्याला नेट मिळणार होतं फक्त अर्धा तास, आणि पडद्यावर तो तोंड उघडं ठेवून थिजला.

“सर, काय केलंत हो? घोव गोठला माझा!”

केलं होतं ते असं. वाचनालयाचा बाहेरचा पत्ता एकच, आत प्रत्येक फोनचा वेगळा. त्यांची अदलाबदल फायरवॉल करतो. कोणी एकट्याने नेट ओढू नये म्हणून मी दर पत्त्याला सेकंदाला ठरावीक पॅकेटं, म्हणजे माहितीची पुडकी, बांधून दिली. पण ही मोजणी मी लावली आतला पत्ता लागण्याच्या आधी! तिथे सगळे त्या एकाच बाहेरच्या पत्त्याचे दिसतात; त्यामुळे वाचनालयातल्या तीस जणांना मिळून एकाचा वाटा.

मोजणी एक पायरी आत सरकवली. मग चालू जोडण्यांची यादी उघडली आणि बघतच राहिलो. शेकडो ओळी धावत होत्या. कोणी काय मागितलं, उत्तर कोणाला द्यायचं, त्या जुनाट पेटीला सगळं पाठ. भर समुद्रातून आलेलं एकेक पॅकेट नेमकं बाईंच्याच फोनवर उतरत होतं.

“गो, नाक माझ्यासारखं नाय!” बोटीवरून आवाज आला.

“तुमचंच आहे,” बाई म्हणाल्या. “नीट बघा.”